ज्यानं बंद केली, त्यानं उभं राहायचं

मिलिंदच्या घरून फोन आला तेव्हा मी ऑफिसात कॅन्टीनच्या कंत्राटदाराशी पोह्यांवरून वाद घालत होते. फोनवर संगीताचं, म्हणजे मिलिंदच्या बायकोचं नाव दिसलं म्हणून घेतला. ती म्हणाली, "मंजिरीताई, हे बूट घालायला बसले आणि उठत नाहीयेत." मी विचारलं, "उठत नाहीयेत म्हणजे?" ती म्हणाली, "म्हणजे… उठत नाहीयेत." कंत्राटदाराला तिथेच उभं ठेवून मी निघाले. गाडीतूनच रुग्णवाहिका बोलावली, सोसायटीच्या वॉचमनला लिफ्ट अडवून धरायला सांगितलं, मिलिंदच्या मुलीला बंगळुरूला कळवलं, शेजारच्या काकूंना संगीताजवळ बसवलं. हिंजवडीहून निघून दवाखान्यात पोचेपर्यंत करण्यासारखं सगळं करून झालं होतं. मिलिंद मात्र मी पार्किंगमधून गाडी काढण्याआधीच गेला होता.

आपत्कालीन कक्षात एक तरुण डॉक्टर होता. त्यानं मिलिंदला कुशीवर वळवलं आणि थांबला. पाठीवर, दोन्ही खांद्यांच्या मधे, वाटाण्याएवढे गोल डाग होते. काही लाल, काही निळसर पडलेले. "हे कशाचे?" त्यानं विचारलं. संगीता लगेच म्हणाली, "ते रविवारच्या खेळातले. प्लास्टिकच्या गोळ्या लागतात. हे पळत सुटतात ना, म्हणून नेहमी पाठीवरच." नवऱ्याचे डोळे मिटलेले, आणि तिच्या तोंडून नेहमीचा चेष्टेचा सूर निघाला. तिचं तिला कळलंही नसावं. डॉक्टरनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "त्या गोळ्या मी मारल्यात. तो पळत नव्हता. उभा होता." संगीताचा हात माझ्या हातात होता. तो तिनं काढून घेतला.

डागांचा आणि जाण्याचा काही संबंध नव्हता. हृदय एकाएकी बंद पडलं, हे डॉक्टरनं तेव्हाही सांगितलं आणि नंतर कागदावरही आलं. पण संगीताचा प्रश्न तो नव्हताच. त्रिशरण-पंचशील झालं, अंत्यविधी झाला. पुढे पुण्यानुमोदनाच्या दिवशी खुर्च्यांपासून चहापर्यंत सगळं मी पाहिलं, आणि ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. शेवटी सगळे गेल्यावर, दारात उभी राहून म्हणाली, "इतकी वर्षं मी त्यांना पळपुटे म्हणत आले. पाहुण्यांसमोर, माझ्या भावांसमोर. ते मागून मार खात उभे होते, आणि तुम्ही दोघांनी मला म्हणू दिलंत." मग दार लागलं. आम्ही एकाच सोसायटीत, एका जिन्यावर राहतो. तेव्हापासून ती जिना उतरताना दिसली की मी किल्ल्या शोधत उभी राहायचे, आणि ती न थांबता जायची.

मिलिंद कोण होता आणि तो रविवारी काय करायचा, हे आता नीट सांगायला हवं. आम्ही दोघं एकाच दिवशी कंपनीत रुजू झालो. तेव्हा कंपनी म्हणजे एका बंगल्याचा वरचा मजला होता आणि हिंजवडी म्हणजे माळ. त्याचे वडील खडकीला सरकारी कारखान्यात फिटर होते. तोही तिथेच चिकटला असता, पण त्या सुमाराला सरकारी भरती आटली आणि गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. तो टेस्टर झाला. दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे मोडतो हे शोधायचं काम. मी ॲडमिनला, दुसऱ्यांनी मोडलेलं जुळवायचं काम. पहिल्याच आठवड्यात त्यानं माझ्या टेबलावरची कामांची यादी वाचली आणि म्हणाला, "यात 'श्वास घेणे' राहिलंय." तेव्हापासून आमची मैत्री.

कंपनी वाढली, तशा सहलींच्या मागण्याही वाढल्या. सिंहगडावरचं पिठलं-भाकरी लोकांना पुरेना. एकदा कुणीतरी एअरसॉफ्टचा खेळ सुचवला. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण बॅटरीवर चालणाऱ्या बंदुका, त्यातून सुटणाऱ्या प्लास्टिकच्या बारीक गोळ्या, डोळ्यांना गॉगल, दोन संघ, आणि लागली की प्रामाणिकपणे हात वर करून बाहेर पडायचं. एका आयोजकाला ठरवलं. दहाच मिनिटांत निम्म्या बंदुका मुक्या झाल्या. लोक तोंडानं 'ठो ठो' करू लागले. मी आयोजकाशी भांडायला निघाले तर मिलिंद झाडाखाली बसून एका बंदुकीचं पोट उघडून बसलेला. "तुला खेळायचं नाही का?" मी विचारलं. मान वर न करता म्हणाला, "खेळतोच आहे."

त्यातूनच आमचा रविवारचा गट उभा राहिला. लोणी काळभोरच्या पुढे आप्पा म्हणून एका शेतकऱ्याचं पडीक रान आणि कोंबड्यांची जुनी रिकामी शेड आम्ही भाड्यानं घेतली. आप्पांनी चुना मारून भिंती पांढऱ्या करून दिल्या. पहिल्या दिवशी त्यांनी बंदूक हातात घेऊन, वजन जोखून विचारलं, "सायेब, ह्यानं डुक्कर मरंल का? लई धुडगूस हाय त्यांचा." मिलिंद म्हणाला, "मरणार नाही आप्पा. पण त्याला अपमान वाटेल." आप्पा त्यावर बराच वेळ हसत होते, आणि त्यांनी आम्हाला खेळकर पण निरुपयोगी माणसं म्हणून कायमचं मान्य केलं.

बंदुका का बिघडतात याची मिलिंदची कारणं साधी होती. नळी पुसत नाहीत. आतल्या रबरी कड्या सुकतात, त्यांना तेल देत नाहीत. दात्यांच्या चाकांमधे चकत्या नीट बसवत नाहीत, मग दाते एकमेकांना खातात. आणि सगळ्यांत मोठं कारण अस्सल पुणेरी: आमचे लोक जमिनीवर पडलेल्या गोळ्या वेचून पुन्हा भरत. लाखांनी पगार घेणारी माणसं मातीत ओणवी होऊन गोळ्या गोळा करायची, शर्टाला पुसायची आणि मॅगझिनमधे टाकायची. एक खडा आत गेला की नळी गेली. शेवटी मिलिंदनं शेडवर पाटी लावली: 'पडलेल्या गोळ्या पुन्हा भरू नयेत. ही बंदूक आहे, मुलांचा गल्ला नव्हे.' पाटीखाली उभं राहूनही लोक वेचत. मग तो पाठीमागे जाऊन विचारायचा, "सापडलं का मंगळसूत्र?"

सुटे भाग मिळवणं हा दुसरा उद्योग होता. परदेशातून परतणारे लोक बाकी सगळ्यांना चॉकलेटं आणत, मिलिंदसाठी पिस्टन आणि दात्यांची चाकं आणत. वायरी, जोडण्या, बॅटऱ्या बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून. एकदा मी सोबत होते. त्यानं काउंटरवर छोटी, जोरकस मोटर मागितली. दुकानदारानं विचारलं, "कशाला हवी?" मिलिंद खरं बोलणारा माणूस. म्हणाला, "बंदुकीला." दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं. "बंदुकीला मोटर लावताय? मग पंख्याला घोडा लावा." मोटर मात्र दिली, आणि चालली नाही तर परत आणू नका असंही बजावलं.

गटातल्या तरुणांना बंदूक 'अपग्रेड' करायची म्हणजे ती जास्त जोरात मारायला हवी असायची. मिलिंदला ती पुढच्या रविवारीही चालायला हवी असायची. यावरून सतत कुरबूर. तो प्लास्टिकच्या जागी धातूचे बुश, म्हणजे चाकांचे आस फिरतात त्या बारीक कड्या, बसवी, ट्रिगरपाशी ठिणगी पडून तांबं जळू नये म्हणून एक छोटं सर्किट जोडी, आणि स्प्रिंग मात्र उलट नरम घाली. "हिचा जोर कमी झाला," असं कुणी म्हटलं की तो म्हणे, "तुझा वाढव. पळ थोडा."

आणि मग तो प्रसंग घडला. आमच्यातल्याच एका हौशी प्रोग्रॅमरनं बंदूक घरी नेऊन, कुणाला न सांगता, कडक स्प्रिंग बसवली. रविवारी पहिल्याच डावात टेस्टिंगमधल्या एका मुलीच्या कानाची पाळी फुटली. रक्त थोडंच होतं, पण ती पांढरीफटक पडली होती. मी पट्टी बांधत होते. मिलिंदचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही, त्या दिवशीही नाही. त्यानं ती बंदूक त्या मुलाच्या हातातून घेतली आणि विचारलं, "ही तू उघडून बंद केलीस ना? मग भिंतीपाशी जाऊन उभा राहा. मी मारतो." तो मुलगा म्हणाला, "सर, सॉरी ना." मिलिंद म्हणाला, "सॉरी नको. तुला उभं राहायची भीती वाटते, तर तिनं का राहायचं?" मुलानं मुकाट्यानं स्प्रिंग काढली. त्या दुपारी आमचा एकमेव नियम झाला: ज्यानं बंदूक उघडून बंद केली, त्यानं पहिल्या गोळ्या आपल्या पाठीवर घ्यायच्या, मगच ती दुसऱ्यावर चालवायची. उघड्या बंदुकीला लाल चिकटपट्टी. बंद केली पण अजून कुणी उभं राहिलं नाही, तिला पिवळी. उभं राहून झालं की हिरवी. कडक स्प्रिंगांचं वेड एका आठवड्यात संपलं.

मारायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी कधीच खेळत नव्हते. नोंदणी, गॉगल, प्रथमोपचार, पाणी एवढंच माझं खातं. दुरुस्त्या जवळजवळ सगळ्या मिलिंदच्या, म्हणजे उभा राहणाराही मिलिंद. रविवारी सकाळी बाकी लोक यायच्या आत आम्ही पोचायचो. तो बंदुकांना ग्रीस लावायचा, मग पातळ शर्टावर, गॉगल लावून, शेडच्या आतल्या भिंतीकडे तोंड करून, दोन्ही हात भिंतीला टेकवून उभा राहायचा. मी अंतरासाठी फरशीवर आखलेल्या रेघेवर. तो म्हणायचा, "मार." मी मारायचे. माझा नवरा म्हणायचा, लोक रविवारी देवाला जातात, ही मिलिंदला गोळ्या घालायला जाते.

मी सुरुवातीला वाद घातला. "वेग मोजायचं यंत्र आहे आपल्याकडे. आणि भिंतीवर मारून बघता येतंच की." तो म्हणाला, "यंत्र वेग सांगतं, लागलं का ते नाही सांगत. आणि भिंत तक्रार करत नाही." खरोखर त्याला पाठीवरून कळायचं. "ही गोळी वर उचलतेय, आतलं रबर ढिलं करतो." "ही बरी आहे." "ही चावली… स्प्रिंग बदलतो." त्याच्या ग्रीसच्या हातांनी त्या पांढऱ्या भिंतीवर दोन काळे पंजे उमटले आणि दर रविवारी अधिक काळे होत गेले. आप्पा कुरकुरायचे, "सायबांनी भित काळी केली की वो." मी साबण आणि फडकं नेऊन ठेवलं. तो कधी वापरायचा नाही. घरी जाऊन पांढऱ्या टॉवेलला पुसायचा, आणि संगीता चिडायची.

ही चिडचिड मी कितीदा ऐकली आहे. परतल्यावर पुष्कळदा मी त्यांच्याकडेच जेवायचे. संगीता वाढता वाढता म्हणायची, "बघा ताई, टॉवेलची काय दशा केली. आणि पाठ बघा. सगळे मागूनच लागतात. अहो, शत्रूला तोंड दाखवायची चोरी आहे का तुमची?" मिलिंद भातात आळं करत म्हणायचा, "तोंड चांगलं आहे म्हणून जपतो." ती हसायची, तिचे भाऊ असले तर तेही हसायचे, 'आमचे पळपुटे जावई' म्हणायचे. मी ताटात बघायचे. एकदा लोणीला जाताना गाडीत म्हटलं, "सांगून टाक ना तिला." तो म्हणाला, "सांगितलं तर ती एक रविवार उभं राहू देणार नाही. आणि पळपुट्याला आमटी गरम मिळते." मग म्हणाला, "हसते गं ती त्यावर. हसू दे."  

शेवटच्या रविवारी काहीच वेगळं घडलं नाही. मी हे पुन्हा पुन्हा तपासलं आहे. दमला नव्हता, छातीवर हात ठेवला नव्हता, जिना चढताना थांबला नव्हता. सकाळी नेहमीसारखा उभा राहिला, "मार" म्हणाला. खेळ संपल्यावर गटातली सगळ्यांत जुनी, सतत रुसणारी बंदूक उघडली, आतलं चाक बदललं, दुपारी बंद केली. पिवळी पट्टी लावली आणि म्हणाला, "ही पुढच्या रविवारी." मंगळवारी सकाळी बूट घालायला बसला. एक बूट पायात होता, एक हातात. काम करता करता कुणीतरी नुसतं उठून खोलीबाहेर जावं, तसा गेला. मी अजून त्या दाराकडे बघते आहे.

गट थांबला. फोनवरच्या निरोपांत त्या पिवळ्या पट्टीच्या बंदुकीवरून वाद सुरू झाला. कुणी म्हणे सुटी करून भाग वापरा, कुणी म्हणे वेग बरोबर आहे, वापरायला घ्या. मला कामं नेमून देण्याची सवय आहे. प्रत्येक कामापुढे एक नाव लिहायचं, की निम्मं काम झालं. या कामापुढे लिहायला एकच नाव होतं.

गेल्या शनिवारी संगीताचा फोन आला. "ताई, उद्या लोणीला जाणार असाल तर मला यायचंय. ती जागा बघायचीय." सोलापूर रस्त्यानं आम्ही दोघी गेलो.  हडपसर सुटल्यावर तिनं विचारलं, "दुखायचं त्यांना?" मी म्हटलं, "तोंडानं कधी म्हणाला नाही." ती म्हणाली, "तोंडानं ते काय म्हणायचे हे मला माहीत आहे. मी विचारतेय दुखायचं का?" मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. मी नेहमी रेघेवर असायचे."

शेडमधे ती सगळीकडे फिरली. पाटी वाचली. टेबलावरचे पान्हे, तेलाची बाटली, गोल चकत्यांच्या डब्या, कशालाही हात न लावता पाहिलं. "कुठे उभे राहायचे?" मी भिंत दाखवली. दोन काळ्या पंजांसमोर ती बराच वेळ थांबली. मग टेबलाकडे वळून म्हणाली, "आणि ही पिवळी पट्टी?"

मी सांगितलं. लाल काय, पिवळी काय, हिरवी काय.

"मग हिच्यासाठी कोण उभं राहणार?"

"कोणी नाही. नियमच तसा आहे. ज्यानं बंद केली, त्यानं उभं राहायचं."

"मग उठवा त्यांना," संगीता म्हणाली.

 तिनं खुंटीवरचा मिलिंदचा गॉगल काढला, डोळ्यांवर चढवला, पट्टा मागे आवळला. ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली. "बॅटरी लावायची असते ना? लावा." मी लावली. इतक्या वर्षांत मी कधी टेकू घेऊन मारलं नव्हतं. त्या दिवशी बंदूक टेबलाच्या कडेला टेकवावी लागली. तिनं भिंतीवरच्या पंजांवर आपले हात ठेवले. तिचे हात लहान, चारी बाजूंनी काळं दिसत राहिलं. मी म्हटलं, "संगीता, राहू दे." ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "ते काय म्हणायचे?"

"मार."

"मग मारा, ताई."

मी तीन गोळ्या मारल्या. तिन्ही सरळ गेल्या. त्यानं ती बंदूक चांगली बंद केली होती. पहिल्या गोळीला तिचे खांदे वर उचलले गेले. तिसरीला हलले नाहीत. बाहेर आप्पांचा कुत्रा भुंकला, मग थांबला.

"एवढंच?" ती म्हणाली. मग जरा वेळानं, "नाही… लागतं. चांगलं लागतं." आणि मग, हात भिंतीवरच ठेवून, "आणि मी म्हणायचे, शत्रूला तोंड दाखवा." ती हसायला लागली. तिच्या जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं तेच हसू. ते कुठे बदललं ते मला कळलं नाही, कारण मी पाठमोरी होऊन पिवळी पट्टी सोलत होते. ती खूप घट्ट बसली होती. हिरवी लावली, बंदूक तिच्या खिळ्यावर टांगली.

वळून पाहिलं तर संगीता आपले तळवे बघत होती. ग्रीस सुकत नाही. दोन्ही हात काळे झाले होते, बोटांच्या पेरापेरांत. मी सवयीनं साबण आणि फडकं पुढे केलं.

"राहू दे ताई," ती म्हणाली. "घरच्या टॉवेलला पुसते."